लेकीनं दिलेलं ज्युनिपर आणि बापाची कात्री

यावेळचं पत्र वरूड तालुक्यातलं आहे, ज्युनिपर या सदाहरित झाडाच्या बोन्सायबद्दल. थोडं आखडून देते.

«ताई, नमस्कार. मी संत्र्याचा शेतकरी, वय ६२. गेल्या दिवाळीत पुण्याच्या लेकीनं ज्युनिपरचं बोन्साय आणून दिलं. सात-आठ महिने चांगलं होतं. जूनमधी पहिला पाऊस झाला तशी कुंडी बदलली. आत नुसता नारळाचा भुसा होता. तो नळाखाली धुऊन काढला अन् वावरातली काळी माती भरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मेंदीच्या कुंपणासारखं गोल कापलं. मंग पावसानं सडू नये म्हणून हॉलमधी टीव्हीजवळ ठेवलं. नवरात्रापासून आतून तांबूस पडून राह्यलं, शेंडे पिवळे, अन् डाव्या अंगाची एक फांदी पार राखेसारखी झाली. आता पाणी तोडून ताण द्यावा, सल (वाळक्या फांद्या) काढून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) लावावं अन् चिमूटभर युरिया टाकावा म्हणतो. लेक संक्रांतीले येते. तोवर छाटून-बांधून नीट होते का? अन् देवघरासमोर ठेवलं तं चालते का? तिले अजून काही सांगतलं नाही.»

भाऊ,

आधी कात्री कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली वहिनींकडे द्या. मागितली तरी देऊ नका, असंही सांगून ठेवा.

झाड बहुतेक वाचेल. संक्रांतीपर्यंत देखणं मात्र होणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पुढच्या संक्रांतीलाही होईल की नाही शंकाच आहे. ज्युनिपर सावकाश आजारी पडतं आणि त्याहून सावकाश बरं होतं. तुम्ही नवरात्रात जे पाहिलंत ते जून आणि पोळ्याचं होतं.

पहिलं काम म्हणजे ते कुठं कुठं जिवंत आहे ते बघणं. अर्धंअधिक हिरवं असताना हे काय सांगतेय, असं वाटेल. पण या झाडाच्या हिरव्या रंगावर विसंबू नये. मुळं गेली तरी पाला महिना-दीड महिना हिरवा राहतो. माझं पहिलं ज्युनिपर असंच गेलं. मार्चमधल्या एकाच रविवारी मी त्याची कुंडी बदलली, फांद्या छाटल्या आणि हौसेनं तारही गुंडाळली. मग मे उजाडेपर्यंत दोन वेळ पाणी. रंग जरा उतरलेला वाटायचा, उन्हानं असेल म्हटलं. एक दिवस सासूबाईंनी फांदी सहज हातात धरली आणि पाल्याचा कसुरी मेथीसारखा चुरा झाला. एप्रिल लागतानाच गेलं असणार ते. पुढचा महिनाभर मी मढ्याला पाणी घालत होते.

तेव्हा नखानं साल खरवडून बघा. खोडावर एका जागी आणि प्रत्येक जाड फांदीवर एकेक, तांदळाच्या दाण्याएवढीच. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, कोरडं तपकिरी दिसलं तर तेवढा भाग गेला. संत्र्याच्या फांदीची परीक्षा तुम्ही अशीच करता. मग शेंडे बघा. कुठं टोकाला पोपटी, कोवळं काही पुढं सरकलेलं दिसतंय का? असे चार-दोन शेंडेसुद्धा मिळाले तर मला फार बरं वाटेल, कारण खाली मुळं चालू असल्याची ती पावती असते. राखेसारख्या झालेल्या फांदीबद्दल मला आशा नाही, पण तिला लगेच हात लावू नका. तिच्या बुडाशी लाल दोरा बांधा आणि दीड महिना थांबा.

आता कात्रीचं. तुम्ही जन्मभर संत्र्याची सल काढली आहे, म्हणून तुमचा हात सराईत आहे आणि तिथंच घात झाला. संत्रा जुन्या लाकडावरूनही फुटतो. कापलं की खालून धुमारे येतात, कधी नको तितके. ज्युनिपरचं तसं नाही. पाला नसलेल्या जुन्या फांदीवर त्याला सहसा नवी फूट येतच नाही. कापताना मागं हिरवं राहिलं नाही तर ती फांदी कायमची गेली असं धरून चालायचं. दुसरं म्हणजे त्याची बरीचशी शिल्लक पाल्यातच असते. आपल्याकडं कुणी धान्य कणगीत ठेवतं, कुणी पेवात. या झाडाची कणगी वर आहे. पाला मुळांना पोसतो, आणि तुम्ही पोळ्याला सगळ्या बाजूंनी एक-एक बोट पाला उतरवलात, तोही मुळं धुऊन निघाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी. खाली मुळं नवी, वर कणगी रिकामी. त्यातून टीव्हीजवळचा अंधार.

कुंपणासारखी सरसकट छाटणी याला आणखी एका कारणानं मानवत नाही. कात्री पाल्याच्या मधून गेली की कापलेली टोकं आठवडाभरात तपकिरी होतात. तुमचे काही पिवळे शेंडे तेवढ्यानंच झाले असतील. शिवाय वाढीचा जोर शेंड्यांत असतो, तेच सगळे एकदम गेले. आता काही दिवसांनी टोचणारा, सुईसारखा पाला यायला लागला तर घाबरू नका. लेकीनं दिलं तेव्हा त्याचा पाला सुतळीसारखा गोल, खवल्याखवल्यांचा होता का? असेल तर ते चिनी ज्युनिपर. ताण बसला की ते पोरवयातल्यासारखा काटेरी पाला काढतं आणि जोर आल्यावर पुन्हा मऊवर येतं. पहिल्यापासून टोचतच असेल तर ते जमिनीलगत पसरणारं जपानी ज्युनिपर. त्याचा पाला तसाच असतो.

आणि ताण तर अजिबात देऊ नका. आंबिया बहारासाठी पाणी तोडलं की संत्रा फुलावर येतो, हे शंभर टक्के खरं. पण संत्र्याची मुळं वावरात लांबवर पसरलेली असतात, या बिचाऱ्याकडं वीतभर कुंडी आहे. शिवाय याच्याकडून तुम्हाला फूल नको, फळ नको. ताण कशाचा देता?

खरा प्रश्न मातीचा आहे, म्हणून तिथं जरा रेंगाळते. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, कुंडीत मात्र ती वैरीण होते. ओली झाली की फुगते, चिकटते, आतली हवा कोंडते. वाळली की आकसते. कुंडीच्या कडेला बोट घालून बघा. माती आणि कुंडीच्या मध्ये फट पडलेली असणार. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ तळाच्या भोकातून बाहेर येतं आणि तुम्हाला वाटतं, झाड पोटभर प्यायलं. मधला गोळा कोरडाच. मग कधी तरी बादलीभर ओतता, गोळा भिजतो तो आठ दिवस सुकत नाही. एकाच कुंडीत झाड तहानेनंही मरतं आणि बुडूनही.

१९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्सायवाल्यांनी शहर सोडलं आणि १९२५ पासून जवळच्या ओमिया गावी वसती केली, ती मोकळी जागा, चांगली माती, पाणी आणि हवा बघून. कात्रीसाठी कुणी गाव सोडल्याचं ऐकिवात नाही.

तर ही माती काढावी लागेल, पण एकदम नाही. डिसेंबर अखेर ते जानेवारीचा मध्य, म्हणजे तुमच्याकडं रात्री चांगल्या गारठतात तेव्हा, अर्ध्या बाजूची काढा. उरलेली अर्धी पुढच्या हिवाळ्यात. तोवर एवढंच करा की अगरबत्तीच्या जाड काडीनं मातीत सात-आठ ठिकाणी उभी भोकं पाडा, खोडापासून दोन बोटं दूर, आणि त्यात जाडी रेती भरून द्या. तेवढ्यानंही हवा खेळते.

नव्या भरणासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. जुन्या घराची कवेलू (छपराची कौलं) कुठं तरी रचून ठेवलेली असतीलच. फुटकी घ्या आणि ज्वारी ते हरभरा या मापाचे तुकडे करा. कवेलू नसेल तर चांगली भाजलेली वीट. असे तुकडे दोन भाग, नदीची जाडी, धुतलेली रेती एक भाग, आणि पूर्ण मुरलेलं, वास नसलेलं शेणखत अर्धा भाग. सगळं गव्हाच्या चाळणीतून काढा आणि खालची भुकटी निर्दयपणे फेकून द्या. ती भुकटी राहिली की महिन्याभरात पुन्हा चिखल. मूठभर भरण ओलं करून दाबा. लाडू वळला तर चुकलं, हात उघडताच सांडलं तर जमलं.

भांडं म्हणून सध्या ती चिनी मातीची देखणी कुंडी नको. भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या, आताच्या कुंडीपेक्षा चार बोटं रुंद. दिसायला गावठी, पण मुळांना चारही बाजूंनी हवा मिळते. झाड बाहेर काढलं की डाव्या बाजूची माती, राखेरी फांदी त्याच बाजूला आहे म्हणून डावीच, पाण्याच्या बारीक धारेनं आणि काडीनं हलके हलके सोडवा. ओढायचं नाही. उजवी बाजू आणि खोडाखालचा गोळा जसाच्या तसा ठेवा. काळी, लिबलिबीत, हात लावताच साल सुटणारी मुळं कापा. पांढरी, तांबूस, घट्ट मुळं एकही कापू नका. टोपलीत बसवल्यावर झाड सुतळीनं टोपलीला बांधून टाका. हे लोक विसरतात. वाऱ्यानं झाड डुललं की रोज फुटणारी केसासारखी मुळं रोज तुटतात.

हे सगळं कराल तेव्हा वर एक पानही कापायचं नाही. एका हिवाळ्यात एकच घाव.

जागेचं आजच करा, माती निघायची वाट बघू नका. ज्युनिपर घरात राहणारं झाडच नाही. ते थंड मुलखातलं आहे. लडाखात त्याला शुक्पा म्हणतात आणि धुपासारखं जाळतात, आणि आपल्या वैद्यांचं हाऊबेर म्हणजे त्याच्याच भावकीतल्या एकाची फळं. त्याला मोकळं आभाळ, वारा आणि ऊन लागतं. पण दोन महिने अंधारात काढलेत त्यानं, म्हणून पहिले आठ-दहा दिवस सकाळचं दोन तास ऊन द्या, मग वाढवत न्या. डिसेंबरचं ऊन त्याला दिवसभरही चालेल. रात्री दव पडतं तेही पडू द्या.

पाण्याला वेळापत्रक नको. अगरबत्तीची काडी दोन बोटं खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओल लागली असेल तर आज सुट्टी, कोरडी निघाली तर तळातून वाहेपर्यंत घाला आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा घाला. तुमच्याकडं बोअर खोल गेलेत आणि पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसत असेल तर तो त्याचाच क्षार. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली एखादी टाकी लावून ठेवा, महिन्यातून एकदा त्या पाण्यानं भरण धुऊन काढायचं. (खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या वाचकांनी तर विहिरीचं पाणी या झाडाला दाखवूच नये.)

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला तिचा दाट संशय आहे. घरात, कोरड्या हवेत ठेवलेल्या ज्युनिपरवर कोळी येतो, म्हणजे जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पाल्याचा रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड. पाल्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले आणि बोटानं पुसल्यावर तांबूस रेघ उमटली, तर कोळी आहे. पाला आतून तांबूस, धुरकट होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. संत्र्यावरच्या सायला किडीसाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घरात पडलेलं असेल, ते मारू नका. त्यानं कोळी मरत नाही, त्याला खाणारे किडे मात्र मरतात आणि कोळी दुप्पट होतो. पाईपच्या तोंडावर अंगठा धरून जोराच्या फवाऱ्यानं पाला खालून वर धुवा. दर तिसऱ्या दिवशी, तीन आठवडे. न हटल्यास निंबोळी तेल, लिटरला ५ मिलि, थोड्या साबणासोबत, ऊन उतरल्यावर, आधी एकाच फांदीवर मारून बघून.

युरिया नाही. आजारी माणसाला पुरणपोळी वाढल्यासारखं होईल ते. शेंडे चालायला लागल्यावर मुरलेल्या ढेपेची (पेंडीची) चिमूट कडेला टाका, तोवर काही नको.

दोरा बांधलेली फांदी दीड महिन्यानंही कोरडीच निघाली, तर तेवढी एक सल काढायला परवानगी आहे, पण तुमच्या पद्धतीनं बुडापासून नाही. दोन बोटं ठूठ ठेवा. पुढं कधी तरी त्याची साल सोलली की ते हाडासारखं पांढरं पडतं. जपानी लोक त्याला जिन म्हणतात आणि झाड म्हातारं दिसावं म्हणून मुद्दाम करतात. तुम्हाला ते फुकटात मिळालंय. बोर्डो त्यावर नको, निळं ठूठ विचित्र दिसेल.

उन्हाळा हीच खरी परीक्षा. वरूडला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि टिनावर किंवा फरशीवर ठेवलेल्या कुंडीला हात लागवत नाही, मग आत मुळं शिजणारच. मार्चच्या मध्यापासून ५० टक्के सावलीची हिरवी नेट, किंवा त्याहून छान म्हणजे निंबाच्या पूर्वेची बाजू, जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली. टोपली लाकडी फळीवर ठेवा आणि भोवती ओलं बारदान गुंडाळा. संध्याकाळी पाल्यावरही पाणी शिंपडा. मृगाचा पाऊस पडेपर्यंत हे झाड काही वाढणार नाही, नुसतं तग धरेल. तेवढंच पुष्कळ.

छाटणीचं विचारलंच आहे, तर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बघू, तेही शेंडे चहूबाजूंनी लांब, पोपटी, पसरट सुटलेले दिसले तरच. तेव्हा आधी आतला वाळलेला पाला बोटांनी झाडून काढायचा. मग फांद्यांच्या बेचक्यात उगवलेले आणि खाली लोंबणारे बारीक कोंब काढायचे, म्हणजे उजेड आत शिरेल. शेवटी लांब पळालेला शेंडा मागच्या एखाद्या उपफांदीपर्यंत आणायचा, कात्रीचं टोक आत घालून, काडीवर, पाला न चिरता. एका खेपेला एक तृतीयांशाहून जास्त हिरवं नाही. प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवं राहिलंच पाहिजे. कात्री आधी स्पिरिटनं पुसा, संत्र्याच्या बागेतून तशीच आणू नका. तार गुंडाळायचं त्याच्यानंतरच्या वर्षी बोलू.

हे सगळं करूनही ते गेलं तर? जाऊ शकतं. आपला उन्हाळा या झाडासाठी परमुलूख आहे, आणि विदर्भात वर्षानुवर्षं टिकलेली ज्युनिपरं मी मोजकीच पाहिली आहेत. बोन्सायची गोडी लागलीच असेल तर सोबत विहिरीच्या भिंतीत उगवलेलं एखादं उंबर किंवा पिंपळ कुंडीत लावा. त्यांना तुमची कात्रीही सोसेल, काळ्या मातीतल्या दोन-चार चुकाही सोसतील.

लेकीला मात्र आजच फोन करा. संक्रांतीला आल्यावर तिला राखाडी फांदी दिसणारच आहे, आणि कवेलू फोडायला, चाळायला घरात एक माणूस जास्त असलेलं बरंच. माती काढायचं काम तिच्यासाठीच राखून ठेवा. एकानं झाड धरायचं आणि एकानं धार सोडायची, हे एकट्याच्यानं नीट होत नाही.

देवघरासमोर संक्रांतीच्या दिवशी तासभर ठेवा, तिळगूळ दाखवा, फोटो काढा. अंधार पडायच्या आत ते परत ओट्यावर गेलं पाहिजे.